दोनदा नोंदलेलं दूध

"ताई, आमच्या दुधात पाणी न्हाई ओ. तुमच्या आकड्यात हाय."

जूनमधली सकाळ, सव्वाआठ वाजलेले, बाहेर पावसाची झड लागलेली. फोनवर करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. वयानं मोठे, म्हणून आमच्या ऑफिसात सगळेच त्यांना आण्णा म्हणतात. त्यांच्या वहीत त्या सकाळचं संकलन 1,140 लिटर होतं आणि पोर्टलवर 1,312. टँकरमध्ये भरलं ते वहीशी जुळलं. म्हणजे वरचं 172 लिटर दूध म्हशींनी दिलंच नव्हतं, ते माझ्या कोडनं काढलं होतं.

आमची कंपनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात. खाली लेथ चालतात, वरच्या मजल्यावर आम्ही सहाजण. गावातल्या दूध संस्थांसाठी आम्ही एक डबा बनवतो. तो काट्यावरून वजन घेतो, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घेतो, सभासदाला पावती छापून देतो आणि तीच नोंद मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतो. पाठवायचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन्ही यंत्रांनी पाळायचे नियम, चार वर्षांपूर्वी मीच लिहिला, यूडीपीवर. यूडीपी पॅकेट सोडून देतं, पोचलं का ते बघत नाही. एक नोंद म्हणजे एक पॅकेट, त्यावर एक क्रमांक. सर्व्हरनं तोच क्रमांक परत धाडला की ती पोच. पोच आली की यंत्र ती नोंद रांगेतून काढतं आणि पुढची पाठवतं. नाही आली तर तीच पुन्हा पाठवतं. आठवड्याचं काम वाटलं होतं, आणि झालंही आठवड्यात. त्याची भरपाई यंदाच्या वर्षी चालली आहे.

टीसीपी, म्हणजे आधी कनेक्शन बांधून पोच घेत पाठवायची पद्धत, का नाही वापरलं, असं इथं कुणीतरी विचारणारच. आमचे जुने मोडेम टूजीवर चालतात आणि टीसीपीचं कनेक्शन बांधण्यातच त्यांची दमछाक होते, हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टीसीपीची पोच समोरच्या यंत्राचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) देतं. "बाइट माझ्यापर्यंत आले" एवढाच तिचा अर्थ. त्या बाइटचं पुढं काय झालं, डेटाबेसात नोंद पडली की प्रोग्राम मधेच कोसळला, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सरकारी कचेरीत आवक-जावकला अर्ज दिला की शिक्का मारून प्रत हातात मिळते. अर्ज कुणी वाचला का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांनी 1984 च्या निबंधात हेच मांडलं आहे की खरी खात्री दोन्ही टोकांनाच करावी लागते. त्यामुळं टीसीपी घेतलं असतं तरी वरून आमची स्वतःची पोच लागलीच असती.

(त्या आठवड्यात जुना कोड वाचताना दिसलं की आमचा सर्व्हरही आवक-जावकच्या कारकुनासारखाच वागत होता. पॅकेट आलं की आधी पोच, मग डेटाबेसात लिहिणं. ते उलटं केलं. दोन ओळींची अदलाबदल. चार वर्षांत यापायी किती नोंदी गेल्या असतील याचा हिशोब मी केला नाही, करायची हिंमतही नाही.)

तर 172 लिटर. सर्व्हरवर पकडून ठेवलेली पॅकेटं वायरशार्क या तपासणीच्या प्रोग्राममध्ये उघडली. संकलनाच्या शेवटच्या वीस मिनिटांत सोळा नोंदींच्या एकसष्ट झाल्या होत्या. एक सभासद, 4.2 लिटर म्हशीचं दूध, 6.8 फॅट, तीच नोंद पाच वेळा. पोच हरवली की यंत्र पुन्हा पाठवणार हे ठरलेलंच होतं, पण तेव्हा सर्व्हर तिकडं दुर्लक्ष करून सरळ नवी नोंद टाकायचा. इतकी वर्षं दुबार नोंदी महिन्यातून एखादी यायची आणि सचिव मंडळी ती गुपचूप खोडून टाकायची. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मग आत्ताच एवढा पूर का यावा?

कारण मे महिन्यात मी शहाणपणा केला होता. आधी यंत्र पोचेची वाट ठरीव पाच सेकंद बघायचं. मी ते बदललं. पोच यायला किती वेळ लागतो हे मोजायचं, जुनं निम्मं नवं निम्मं अशी सरासरी धरायची आणि तेवढीच वाट बघायची. उद्यमनगरात, ऑफिसच्या वायफायवर, सुरेख चाललं.

आण्णांच्या गावात त्या सकाळी काय झालं ते असं. 7 वाजून 41 मिनिटं 7.10 सेकंदांनी यंत्रानं नोंद पाठवली. पावसानं नेटवर्क मंद होतं, पोचेला सव्वा सेकंद लागणार होता. यंत्र एक सेकंद थांबलं आणि 8.10 ला तीच नोंद पुन्हा पाठवली. 8.35 ला पोच आली. ही पोच पहिल्या प्रतीची. यंत्राला ते कसं कळावं? दोन्ही प्रतींवर क्रमांक एकच. त्यानं शेवटच्या प्रतीपासून मोजलं आणि ठरवलं, पोच यायला पाव सेकंद लागतो. वा! मग पुढच्या नोंदीला ते आणखी कमी थांबलं, पोच यायच्या आत तीन प्रती सुटल्या, मोजमाप आणखी चुकलं, पुढच्या वेळी आणखी घाई. नेटवर्क जितकं मंद, तितकं यंत्र उतावीळ. मी खालची मर्यादाही घातली नव्हती.

ही चूक माझ्या जन्माच्या आधीची आहे. फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी 1987 मध्येच लिहून ठेवलं होतं की जी नोंद दुसऱ्यांदा पाठवावी लागली तिच्या पोचेवरून वेळ मोजू नका. आणि अशा उतावीळपणानं काय होतं हे त्याच्या आदल्या वर्षी दिसलं होतं. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. अंतर 400 यार्ड, चालत पाच मिनिटं. व्हॅन जेकबसन यांचा 1988 चा निबंध तिथूनच सुरू होतो. मी तो कॉलेजात वाचला होता. पास होण्यापुरता.

कार्न यांचा नियम लावला आणि टेबलावर चाचणी घेतली. लिनक्समधल्या नेटेमनं नेटवर्क मुद्दाम बिघडवता येतं. 1,200 मिलिसेकंद उशीर, शंभरात वीस पॅकेटं गायब, पाच दुबार. यंत्र अडकलं. म्हणजे बंद पडलं नाही, पण प्रत्येक नोंद दोनदा पाठवत बसलं. नियम मी अर्धाच उचलला होता. टाइमर (वाट बघायचा वेळ) लहान, म्हणून प्रत्येक नोंद दोनदा जाते. दोनदा गेलेल्या नोंदीवरून मोजायचं नाही, म्हणून टाइमर कधीच मोठा होत नाही. नियमाचा उरलेला भाग असा की पोच आली नाही की वाट बघण्याचा वेळ दुप्पट करायचा, आणि एकाच खेपेत पोच मिळालेली नोंद हाती येईपर्यंत तो वाढलेला वेळ तसाच ठेवायचा. मी प्रत्येक नव्या नोंदीला तो परत खाली आणत होते. एक ओळ खोडली आणि टेबलावरचं यंत्र शांत झालं. आता पॅकेटात ही कितवी खेप हे सांगणारा एक बाइटही असतो आणि सर्व्हर तो पोचेबरोबर परत पाठवतो. क्विक (QUIC) नावाच्या प्रोटोकॉलमध्ये तर पुन्हा पाठवताना नवाच क्रमांक देतात, तिथं ही भानगडच उरत नाही.

सर्व्हरवर दुबार नोंद ओळखायची सोय केली. प्रत्येक यंत्राचा आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक लक्षात ठेवायचा. आलेला क्रमांक तेवढा किंवा त्याहून लहान असेल तर नोंद जुनी. ती डेटाबेसात टाकायची नाही, पण पोच मात्र द्यायची. हे विसरून चालत नाही, कारण पोच दिली नाही तर यंत्र बिचारं तीच नोंद घेऊन बसतं. क्रमांक प्रत्येक पाळीला 1 पासून सुरू व्हायचे. पाळी सुरू झाल्याचा निरोप आला की सर्व्हरही त्याचा आकडा शून्यावर आणायचा.

हे बसवलं आणि दुबार नोंदी थांबल्या. आण्णांचा फोन नाही, कुणाचाच नाही. दहा दिवस मी फार खूश होते.

दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा त्या गावातल्या बायामाणसांनी संस्थेच्या दारात गर्दी केली. एका सांजचं दूध कुणाच्याच बिलात नव्हतं. कुणाच्याच म्हणजे, पहिल्या एकशे साठजणांचं होतं, पुढच्या एकशे चाळीसजणांचं नव्हतं. पावत्या सगळ्यांच्या हातात होत्या.

त्या सांजेला ऐन संकलनात लाईट गेली होती. संस्थेचा इन्व्हर्टर दुरुस्तीला दिलेला. दहा मिनिटांनी लाईट आली, यंत्र चालू झालं आणि त्यानं क्रमांक पुन्हा 1 पासून धरले. पाळी मधेच असल्यामुळं पाळी सुरू झाल्याचा निरोप गेला नाही. सर्व्हरच्या लेखी सर्वांत मोठा क्रमांक होता 160. मग 1 आला, जुना, पोच. 2 आला, जुना, पोच. 140 पर्यंत प्रत्येक नोंदीला सर्व्हरनं पोच दिली आणि फेकून दिली. पोच आली म्हणून यंत्रानंही पुसली. आण्णा त्या दिवशी पाहुण्यांच्यात गेलेले, वही पोराकडं होती, बेरीज पोर्टलशी कुणी ताडून बघितली नाही.

आधीचा दोष मला बरा वाटायला लागला. दूध दोनदा नोंदलं की त्याच सकाळी फोन येतो. गेलेल्या नोंदीचा आवाज होत नाही, आणि मी ओरडणाऱ्या दोषाच्या जागी मुका दोष बसवला होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि संस्थेत जाऊन बसले. आण्णा वहीतून वाचत होते, मी टाईप करत होते. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. एकशे चाळीस वेळा. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत, निरशा दुधाचा चहा दोनदा आणवला. बोलले असते तर बरं झालं असतं. परतताना गंगावेशीतल्या कट्ट्यावर थांबून धारोष्ण दूध प्यायले. तिथं धार थेट ग्लासात पडते, ग्लास हातात येतो, ओठावर फेस राहतो. पोचेचा प्रश्न येत नाही.

उपाय उघड होता. क्रमांक पाळीगणिक नव्यानं सुरू करायचेच नाहीत. सलग वाढत न्यायचे आणि लाईट गेली तरी विसरायचे नाहीत. पण प्रत्येक नोंदीला क्रमांक फ्लॅशमध्ये (लाईट गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत) लिहिला तर फ्लॅश झिजते. म्हणून चौसष्टच्या गठ्ठ्यानं लिहायचं. यंत्र चालू झालं की फ्लॅशमधल्या आकड्याच्या पुढच्या गठ्ठ्यापासून सुरू करायचं. मधले काही क्रमांक वाया जातात, जाऊ देत. सर्व्हरला फक्त एवढं हवं असतं की नवा क्रमांक जुन्याच्या पुढचा असावा. 8 जुलैला हे घेऊन पुन्हा गावात गेले. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चालली होती, रस्ता बंद व्हायच्या आत परत यायचं होतं, त्यामुळं घाईत.

घाई झाली तरी एक गोष्ट मला आठवली होती, आणि तिचा मला अभिमानही वाटला होता. आमचा क्रमांक सोळा बिटांचा, म्हणजे 65,535 नंतर परत 0. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा पूर्ण फिरून शून्यावर येतो, तसा. तेव्हा साधं "लहान की मोठा" चालणार नाही, फेरा धरून तुलना करावी लागेल. टीसीपीच्या 1981 च्या मूळ दस्तऐवजातही क्रमांकांचं गणित असंच फेऱ्याचं आहे, आणि आरएफसी 1982 (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज; 1982 हा त्याचा क्रमांक, साल नव्हे) तर फक्त याच विषयावर आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी एका ओळीचं फंक्शन आहे. दोन क्रमांकांची वजाबाकी करायची, उत्तर बत्तीस बिटांच्या चिन्हासहित आकड्यात बसवायचं आणि ते ऋण आहे का बघायचं. मी ती ओळ उतरवून घेतली. कंपायलरनं चकार शब्द काढला नाही.

त्या संस्थेत दिवसाला सहाशे नोंदी, वर वाया जाणारे पन्नासएक क्रमांक. सोळा बिटांचा फेरा अशानं शंभर दिवसांत पुरा होतो. शंभर दिवस काहीच झालं नाही.

17 ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर आलेली, संस्थेत फरक बिलाची गडबड. सांजच्या संकलनानंतर आण्णांचा फोन. "ताई, आज वही आणि मशीन बोलंना झाल्यात."

पोर्टलवर चाळीस नोंदी, वहीत दोनशे अठ्ठ्याण्णव. पोटात गोळा आला, पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. जुलैत परत आल्यावर मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की जुनी म्हणून जी नोंद टाकशील ती आधी एका फाईलीत लिही. उरलेल्या दोनशे अठ्ठावन्न नोंदी त्या फाईलीत जशाच्या तशा सापडल्या. रात्री दहाच्या आत त्या पोर्टलवर चढवल्या. फाईलीतली पहिली नोंद क्रमांक 0 ची होती.

म्हणजे फेराच. पण फेऱ्याची तुलना तर मी केली होती! ओळ लिनक्समधली, जगभर चालणारी. रात्री मी ती चारदा वाचली, चारदा बरोबर वाटली.

सकाळी आमच्याकडच्या नव्या मुलाला दाखवली. चार महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, ही वजाबाकी किती बिटांत होते?"

मी म्हटलं, सोळा. क्रमांक सोळा बिटांचे आहेत.

"न्हाई मॅडम. सी आधी दोघांना इंट करतो, मग वजा करतो."

कागद ओढला. आधीचा क्रमांक 65,530, नवा 3 असं धरू. सोळा बिटांत 3 वजा 65,530 केलं तर उत्तर येतं 9, कारण फेऱ्यातून गेलं तर 3 हा 65,530 च्या नऊ पावलं पुढं आहे. पण सी ही भाषा सोळा बिटांचे आकडे वजाबाकीआधी बत्तीस बिटांचे करून घेते. बत्तीस बिटांत जागाच जागा, फेरा होतच नाही, उत्तर येतं उणे 65,527. ऋण आहे, म्हणजे जुना, म्हणजे पोच द्या आणि फेका. लिनक्समध्ये क्रमांकच बत्तीस बिटांचे असतात, त्यामुळं तिथं बत्तीसचा साचा बरोबर बसतो. मी तोच साचा सोळाच्या आकड्यांना लावला होता. तो लावून न लावल्यासारखा. उत्तर चिन्हासहित सोळा बिटांत दाबलं की उणे 65,527 चे मुकाट 9 होतात.

दुरुस्ती: बत्तीसच्या जागी सोळा. दोन अंक.

पोरग्याला मी खालच्या टपरीवर चहा आणि वडापाव दिला. त्यानं विचारलं, "जुलैत टेस्ट कशी केली होती?" मी पाव चावत राहिले. जुलैत यंत्र 0 पासून सुरू करून दोन दिवस चालवलं होतं. दोन दिवसांत तेराशे क्रमांक. 65,535 ला पोहोचायला टेबलावर शंभर दिवस कोण थांबणार? आता टेबलावरचं एक यंत्र कायम 65,500 पासून सुरू होतं, रोज सकाळी, नेटेमचा पाऊस अंगावर घेत. तेवढं करायला पाच मिनिटं लागली. टीसीपीत सुरुवातीचा क्रमांक 0 धरत नाहीत. त्यामागं सुरक्षेची आणि जुन्या पॅकेटांची कारणं आहेत, पण त्यामुळं फेराही वरचेवर घडतो आणि त्यातली चूक शंभर दिवस दडून राहत नाही, हा फायदा मला तेव्हा दिसला.

क्रमांक बत्तीस बिटांचा करा की, असं आमचे साहेबही म्हणाले. केला तर आण्णांच्या संस्थेला फेरा पुरा करायला अठरा हजार वर्षं लागतील. पण पॅकेटात त्याला दोनच बाइटांची जागा आहे, गावोगावी दोन पिढ्यांची यंत्रं बसलेली आहेत, आणि प्रत्येकाचं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) बदलायला कुणीतरी गाडीवरून जावं लागतं. ते काम उन्हाळ्यात, रस्ते कोरडे झाल्यावर.

तोवर सोळाच. आण्णांच्या यंत्राचा पुढचा फेरा माझ्या हिशोबानं 26 जानेवारीच्या आसपास पुरा होतो. ऑफिसला सुट्टी असेल, म्हशींना नसते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झेंड्याच्या चित्राशेजारी मी लाल पेनानं 65,535 लिहून ठेवलं आहे. आण्णांना सांगितलं की त्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी काट्याशेजारी येऊन बसणार आहे. ते म्हणाले, "या की. येताना लॅपटॉप आणा, वही माझ्याकडं हाय."